शिसं, पावडर आणि वीस मिनिटं

"तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून गं?" असं मला माझ्या मैत्रिणी नेहमी विचारतात. यात माझं कर्तृत्व शून्य! हा आमच्या धंद्याचाच गुण आहे. माल पावडर मारून ओव्हनमध्ये ढकलला, दार लावलं, की पुढची वीस मिनिटं कुणालाही काही काम नसतं. मध्येच दार उघडायचं नाही, डोकावायचं नाही, नुसतं थांबायचं. आणि वीस मिनिटं गप्प बसणारी माणसं मी तरी अजून पाहिलेली नाहीत. कोणीतरी चहा सांगतो, कोणीतरी तोंड उघडतो. दिवसाला दहा फेऱ्या धरा आणि माझी या गाळ्यातली सतरा वर्षं धरा. मग बसा मोजत!

आमचा गाळा नाहूरला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. माझ्या वडिलांनी काढला, आता मी बघते. काम पावडर कोटिंगचं. ओल्या रंगाऐवजी कोरडी पावडर गनमधून उडवायची, ती विजेच्या जोरावर धातूला चिकटते, आणि ओव्हनमध्ये वितळून तिची टणक कातडी बनते. खिडक्यांचे ग्रिल, शाळेचे बाक, जिमची यंत्रं, दवाखान्यातली स्टुलं, सगळं येतं. गन चालवायचे परबकाका. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. वडिलांच्या वेळेपासून आहेत. मला त्यांनी फ्रॉकमध्ये बघितलंय, त्यामुळे मी कितीही मालकीण झाले तरी त्यांच्या तोंडी 'बाय'च.

आमच्याकडे सगळं येतं, पण आज सांगतेय ते फक्त शिशाचं.

*

एका सोमवारी परबकाका डबा घेऊन आले. मला वाटलं, घावणे असतील. उघडला तर आत शिशाचे करंगळीएवढे गोळे! गरी टाकून मासे पकडतात ना, तेव्हा दोरी तळाला जावी म्हणून जे वजन बांधतात, ते. काका दर रविवारी मनोरीच्या जेट्टीवर गळ टाकून बसत आणि ही वजनं घरीच ओतत.

"बाय, ट्रॉलीत एक कोपरो रिकामो आसा. हेंका जरा रंग लागलो तर?"

"काका, शिसं आहे ते! ओव्हन दोनशेला चालतो. सगळं वितळून खाली येईल माझ्या!"

काकांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून आठवतं. "शिसां म्हणजे काय लोणी आसा, विरघळाक? तेका तीनशेच्या वर व्हया. तू कॉमर्सची मा?"

गोळे आत गेले. वीस मिनिटांनी दार उघडलं. शाळेच्या बाकांच्या रांगेत, त्याच निळ्या रंगाचे चाळीस गोळे तारांना लटकत होते. एकही वितळला नव्हता. सुंदर दिसत होते, खरं सांगते. पोरांनी गोट्या म्हणून पळवले असते.

*

बातमी जेट्टीवर पसरली. पुढच्या महिन्यात दोघे जण गाळ्यावर हजर. एक मुलुंडचे डेंटिस्ट, डॉक्टर लिमये. दुसरा घाटकोपरचा टीव्ही दुरुस्त करणारा शिरीष. दोघंही काकांचे रविवारचे सोबती.

डॉक्टरांकडे शिशाचा खजिना होता. जुन्या एक्सरे फिल्मच्या पुडीत शिशाचा पातळ कागद असायचा. हल्ली दाताचा एक्सरे कॉम्प्युटरवर दिसतो, पण डॉक्टरांनी जुने कागद बरणीत जपून ठेवले होते. साचा करायला दातांच्या मापाचं प्लास्टर होतंच. त्यामुळे त्यांच्या पहिल्या घाण्यातली सगळी वजनं हुबेहूब दाढेच्या आकाराची निघाली! मुळांसकट!

"अहो डॉक्टर, हे काय?"

"मासा चावतो ना? मग त्याला चावायला दाढच बरी," डॉक्टर म्हणाले.

शिरीषची मात्र वेगळीच तऱ्हा. त्याचे छोटे मासे होते, खवल्यांसकट, वरती तारेची कडी. झकास काम! काकांनी मन लावून पावडर मारली, ट्रॉली आत गेली, चहा आला. दार उघडलं आणि सगळे जागच्या जागी थिजलो. हुकांना नुसत्या तारेच्या कड्या लटकत होत्या. मासे गायब! खाली ट्रेमध्ये रंगीबेरंगी थारोळं.

"काका, तुम्ही तर म्हणालात शिसं वितळत नाही!"

काकांनी थारोळ्यात पक्कड घातली, थंड झालेला तुकडा वाकवून बघितला, आणि शिरीषकडे वळले. "ह्या खंयसून आणलंस?"

"दुकानातून. सोल्डर गोळा केलं ना वर्षभराचं. त्यात शिसं असतंच की!"

असतं. पण अर्धंअधिक कथील असतं, आणि असं मिसळलेलं सोल्डर दोनशेच्या आतच पाणी होतं. हे त्या दिवशी मला, कॉमर्सवालीलासुद्धा कळलं. शिरीषचा चेहरा असा पडला की हसवेना. शेवटी काकाच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाईट वाटून घेव नको रे. मासो गळाक लागलो हुतो. सुटलो, इतक्याच!"

*

रंगाबद्दल या मंडळींची भांडणं ऐकण्यासारखी असत. माशाला कुठला रंग दिसतो? डॉक्टर म्हणायचे पिवळा. शिरीष म्हणायचा, खाडीच्या गढूळ पाण्यात कसला रंग आणि कसलं काय! मी मात्र कुणासाठी पावडरचा नवा खोका फोडणार नव्हते. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा जो रंग चालू, तोच यांच्या वजनांना. त्यामुळे कधी दवाखान्याचा क्रीम, कधी जिमचा काळा. आणि एकदा कांदिवलीच्या एका ब्यूटी पार्लरच्या ट्रॉल्या आल्या, तेव्हा गुलाबी. अगदी बाहुलीच्या फ्रॉकसारखा!

काकांनी नाक मुरडत ती गुलाबी वजनं नेली आणि त्याच रविवारी त्यांना हातभर जिताडा लागला. झालं! सोमवारी सकाळी नऊला डॉक्टरांचा फोन. "पार्लरचं काम परत कधी येणार?"

मी चिडून म्हटलं, "तुम्हीच एखादं काढा ना! दात काढून झाल्यावर भुवया कोरा."

*

मग तो सोनेरी प्रकार झाला. डॉक्टरांनी नवा साचा केला होता. एका बाजूला निमुळता, दुसऱ्या बाजूला सपाट, मधून दोरी ओवायला आरपार भोक. असं वजन दगडात अडकत नाही म्हणे. त्या आठवड्यात एका देवळाच्या रेलिंगचं सोनेरी काम चालू होतं. तेव्हा पन्नासेक वजनं सोनेरी झाली. डॉक्टर खूष. डबा पिशवीत टाकला आणि अंधेरीला मित्राकडे दाखवायला निघाले. घाटकोपरहून मेट्रोने. म्हणजे पिशवी तपासणीच्या मशीनमधून!

पाच मिनिटांत मला फोन. पलीकडून बाईचा आवाज. "मॅडम, इथे एक डॉक्टर आहेत. म्हणतात, या गोळ्या ते स्वतः घरी ओततात आणि तुम्ही रंगवून देता. खरंय का?"

मी कामात होते. "हो, आम्हीच देतो की! अजून हव्यात का?"

फोन बंद. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी स्वतः फोन केला तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसले! डॉक्टरांना बाजूला बसवलं होतं. चार जण डब्याभोवती. माणूस जितका प्रामाणिक, तितका अडकत गेला. "कशासाठी वापरता?" "पकडायला." "कुणाला?" "मिळेल त्याला!"

शेवटी एक वयस्कर बाई अधिकारी आल्या. त्यांनी एक सोनेरी वजन उचललं, डोळ्यासमोर धरलं आणि त्याच्या भोकातून डॉक्टरांकडे बघितलं.

"सोडा यांना," त्या म्हणाल्या. "गोळीला भोक नसतं. गोळी भोक पाडते."

*

इथपर्यंतचे किस्से मी लग्नाकार्यात सांगते आणि लोक पोट धरून हसतात. पुढचा सहसा सांगत नाही. आज सांगते.

मुलुंडचे आपटेकाका, रिटायर्ड, आमचं जुनं गिऱ्हाईक. बाल्कनीचं ग्रिल घेऊन आले होते. ओव्हन लागलेला, चहा आलेला. टेबलावर डॉक्टरांची उरलेली सोनेरी वजनं पडली होती. ती बघून आपटेकाका म्हणाले, "अरे, हे तर आमचा निखिल करतो! फक्त त्याच्या गोळ्या खऱ्या असतात."

निखिल म्हणजे त्यांचा मुलगा, अमेरिकेत. तिथे त्याला नेमबाजीचा नाद लागला होता. शनिवारी रेंजवर जाऊन कागदाच्या चकत्यांवर गोळ्या झाडायच्या. तिकडे ते रीतसर चालतं. जुनं शिसं आणून गॅरेजमध्ये वितळवायचं, गोळ्या घरीच ओतायच्या आणि पावडर कोटिंगही घरीच करायचं. आपटेकाकांनी कौतुकाने मोबाइलवर व्हिडिओ लावला. निखिल प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर घालून खळखळ हलवत होता. मग ट्रेमध्ये मांडलेल्या लाल-निळ्या गोळ्यांची रांग, एका छोट्या ओव्हनमध्ये. लहान मुलांच्या रंगीत चॉकलेटसारख्या दिसत होत्या.

मी धंद्याच्या नजरेने बघत होते. "थर चांगला बसलाय हो! शेकतोय पण बरोबर. ओव्हन कुठला?"

"घरचाच. काम झालं की परत किचनमध्ये. गेल्या खेपेस आम्ही गेलो होतो ना, तेव्हा हिने त्यातच नानकटाई केली. काय फुलते म्हणून सांगू!"

परबकाका खुर्चीतून अर्धवट उठले. मी चहाचा कप खाली ठेवला.

"आपटेकाका, घरात लहान कोण आहे?"

"नात. अडीच वर्षांची. का?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही. ती हाताला, ट्रेला, कपड्यांना लागून घरभर जाते आणि लहान मुलांना सगळ्यात वाईट. ज्या ओव्हनमध्ये हे शेकायचं, त्यात खायचं कधीच काही नाही. आमच्या एवढ्या मोठ्या ओव्हनवर मी कुणाला साधा समोसा गरम करू देत नाही!

आपटेकाका तसे मुलाला एका शब्दाने बोलणारे नव्हते. निखिल हुशार, निखिल मोठ्या पोस्टवर. पण त्यांनी तिथेच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. निखिल कॉफी पीत होता.

"बाबा, coated आहेत ना त्या. काही होत नाही."

"लावायच्या आधी coated होत्या का? हात कुठे धुतोस? चिऊ काय तोंडात घालते, बघतोस का तू?"

"बाबा, तुम्ही शांत व्हा ना…"

"मी शांतच आहे. तो ओव्हन बाहेर काढ. आत्ता. मी बघतोय."

आमचा ओव्हन वाजला. वीस मिनिटं झाली होती, पण कोणी उठलं नाही. निखिलने फोन ओट्यावर उभा ठेवला, ओव्हनची पिन काढली आणि ओव्हन उचलून पडद्याबाहेर गेला. मागे भिंतीवर चार खडूच्या रेघोट्या दिसत होत्या. रिकाम्या हाताने परत आला. आपटेकाकांनी फक्त एवढंच विचारलं, "डॉक्टरची वेळ कधीची घेतोस?"

तपासणी झाली. देवाच्या दयेने घाबरण्यासारखं काही निघालं नाही. निखिलने सगळं सामान हलवलं. हे सांगायला आपटेकाका आणि काकू दोघं पेढे घेऊन आले. निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सगळं खरं गं. पण नव्या ओव्हनमध्ये नानकटाई पूर्वीसारखी का फुलत नाही?"

*

त्या व्हिडिओ कॉलच्याच दिवशी, आपटेकाकांचं ग्रिल टेम्पोत चढल्यावर, मी परबकाकांना विचारलं, "काका, तुम्ही शिसं कुठे वितळवता?"

काका गन पुसत होते. पुसलेली गन परत पुसू लागले.

"काका?"

"घराक. गॅसार."

"खिडकी उघडून?"

"शेजारी वासाची बोंब मारतत. बंद करूक लागता."

एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथे गॅसवर, दर आठवड्याला, किती वर्षं कोण जाणे!

आता एक कबुली देते. त्याच्या आधीच्या वर्षात काकांचे आम्ही एक-दोन किस्से करून ठेवले होते. दवाखान्याची शंभर स्टुलं करड्या रंगाची करायची होती, काकांनी सगळी क्रीम केली. "काकांना आता रंग नाही, नुसते मासे दिसतात!" असं म्हणत आम्ही हसलो. चहाचा कप हातातून सुटायचा, त्यावर हसलो. सकाळी पोट धरून बसायचे, तर म्हटलं, "रविवारचा जिताडा बाधला!" त्या संध्याकाळी मला यातलं काहीच हसण्यासारखं वाटेना.

मी डॉक्टर लिमयेंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक्सरे काढताना मी पेशंटच्या गळ्याभोवती शिशाचा पट्टा बांधतो आणि स्वतः खोलीबाहेर जातो. आणि परबांना मी बरणी भरभरून शिसं दिलं. एकदाही विचारलं नाही की ओतता कुठे."

काका तपासणीला तयार होईनात. "चाळीस वर्सां ओततंय. माका काय झाला?" डॉक्टरांनीच शेवटी रक्त काढायला नेलं, हाताला धरून. रिपोर्टमध्ये शिसं वाढलेलं होतं. चांगलंच वाढलेलं. काकांनी कागद घडी करून खिशात घातला. "म्हातारपणात कायतरी वाढताच."

चौथ्या दिवशी सुनंदामामी, काकांची बायको, गाळ्यावर आल्या. लग्नानंतर त्या कधी आल्या असतील तर दसऱ्याच्या पूजेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ओझं. माझ्या टेबलावर ठेवलं. आत काळी पडलेली कढई, पळी आणि साचा.

"ह्या हयच ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "परत घरात दिसला तर मी आसंय नाय तर ह्या आसा."

डॉक्टर तेव्हा तिथेच होते. त्यांनी मामींना खुर्ची दिली आणि विचारलं, "मामी, तो ओटा कोण पुसतं?"

मामी हसल्या. "अजून कोण पुसतला?"

मामींचंही रक्त तपासलं. त्यातही शिसं निघालं. काकांच्या इतकं नाही, पण निघालं. तो रिपोर्ट डॉक्टरांनी काकांना गाळ्यावरच दाखवला. काकांनी कागद हातात घेतला. मग त्यांनी चष्मा लावून नाव परत वाचलं, 'सुनंदा तुकाराम परब', अक्षरावर बोट ठेवून. आणि मान खाली घालून बसले ते ओव्हन वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशीपासून काकांनी सुट्टी घेतली. आम्हाला वाटलं, आराम करतायत. आठवड्याने मी भेटायला गेले तर काका स्टुलावर उभे आणि ओल्या फडक्याने स्वयंपाकघराची भिंत पुसतायत. वरपासून खालपर्यंत. मामी बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेल्या.

"तिसऱ्यांदा पुसतत," मामी म्हणाल्या. "माका आत येऊक देत नाय. लगीन झाल्यापासून पयल्यांदा बसलंय मी!"

औषधं झाली, परत परत तपासण्या झाल्या. आकडे हळूहळू खाली आले. काकांची पकड बरीचशी परत आली, सगळी नाही. आता गन दुसरा माणूस चालवतो, काका रंग बघतात. आणि गाळ्याच्या दारावर मी पाटी लावली, 'शिशाचे काम घेतले जाणार नाही.'

*

मंडळींचं मासे पकडणं काही थांबलं नाही. वजन म्हणून काय, तर लोखंडी नट! बोल्टचे जुने नट, आमच्याकडेच कोटिंग केलेले. डॉक्टरांना पटेना. नट हलका, प्रवाहात वाहून जातो, आकार बरोबर नाही, वगैरे. पहिल्या रविवारी तिघं जेट्टीवर बसले आणि संध्याकाळी काकांच्या पिशवीत चार शिंगाळे, डॉक्टरांच्या पिशवीत पाण्याची बाटली.

"असं कसं?" डॉक्टर म्हणाले.

"मासो काय शिसां खाऊक येता?" काका म्हणाले. "कोलंबी खाऊक येता तो."

*

पाटी लावल्यावर वर्ष झालं असेल. गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा. काठी टेकत एक आजोबा आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, इस्त्रीचा. गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीला मुलाकडे आले होते. परबकाकांनी विचारलं, "गाव खंयचा?" आणि बोलता बोलता दोघं कणकवलीच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीपाशी येऊन थांबले. आडनाव राणे.

राणेआजोबांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून औषधाची छोटी डबी आणि डबीतून शिशाचा गोळा. बोराएवढा, एका बाजूने चेपलेला.

"ह्येका रंग लावून व्हयो."

मी पाटीकडे बोट दाखवलं. "आजोबा, शिशाचं काम आम्ही घेत नाही."

"ठाऊक आसा. वाचलंय. ह्या एकच आसा."

"काय आहे हे? मासे पकडायचं?"

आजोबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "गोळी आसा. हयसून काढली." आणि डाव्या मांडीवर हात ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी गावाला भातावर रानडुकरं यायची. घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि गोळ्या मोठा भाऊ स्वतः ओतायचा, परसात चूल मांडून. एका पहाटे दोघं भाऊ शेताच्या दोन टोकांना राखण करत होते. भात हललं. भावाला वाटलं, डुक्कर. भात हलवत राणेआजोबा येत होते.

"जीवान वाचलंय. डॉक्टरान सांगितल्यान, गोळी हाडाजवळ आसा, ऱ्हवांदे. ऱ्हवली. मी मुंबयक इलंय."

"आणि भाऊ?"

"तो बोलाचो थांबलो. रागान न्हय. तोंड दाखवी ना. मी गावाक गेलंय की तो शेतार. दरवर्सा. गणपतीच्या आरतीक पण पाठी उभो ऱ्हवता. काय म्हटला तर 'हूं'."

यंदा मांडीचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी ती गोळी काढून डबीत घालून दिली. आता गणपतीला ते ती घेऊन गावाला जाणार होते. भावाला द्यायला.

"द्यायला?" मी म्हटलं. "मग अशीच द्या ना. रंग कशाला?"

आजोबांनी गोळी डबीत घरंगळवली. "शिसां हाताक लागता. नुसती दिलंय तर तेचे हात काळे होतले. ता नको."

मी परबकाकांकडे बघितलं. काका आधीच उठले होते. मास्क लावला, हातमोजे घातले, आणि त्या दिवशी गन त्यांनी स्वतः हातात घेतली. दुसरा हात खालून आधाराला लावला. रंग कुठला, म्हणून मी शेडकार्ड पुढे केलं. आजोबांनी खूप वेळ घेतला. मग बोट टेकवलं ते हिरव्यावर. तो रंग त्या दिवशी चालू नव्हता. काकांनी त्या एका गोळीसाठी गन साफ केली, नवा खोका फोडला. कात्री मीच दिली.

वीस मिनिटं आम्ही तिघं बसलो. कोणीही काही बोललं नाही. मघाशी म्हटलं ना, गप्प बसणारी माणसं पाहिली नाहीत म्हणून? ती तेवढी सोडून.

गणपतीनंतर आजोबा परत आले, नारळाची पिशवी घेऊन. मी धीर करून विचारलं, "दिलीत?"

"दिलंय."

"काय म्हणाले भाऊ?"

"काय म्हणतलो? घेतल्यान. एका हातातसून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातसून पयल्यात, बराच येळ करीत ऱ्हवलो. मगे गोळी खळ्यातल्या कट्ट्यार ठेवल्यान आणि आपले दोनय हात उलटेसुलटे करून बघितल्यान."

"मग?"

"मगे वयनीक हाक मारल्यान. 'गो, दोन पानां वाढ.'"